उतरतीचा ठेका

दहिवडीची लाईन जोडून दिली, बोलणं सुरू झालं ना एवढं बघायला कान लावला, तर पलीकडच्या माणसाच्या आवाजामागे ढोल वाजत होता. माणूस बहुतेक बाजारपेठेतल्या दुकानातून बोलत असावा. पेंडीची गाडी अजून आली नाही म्हणून तो ओरडत होता आणि सांगलीचा व्यापारी तेवढ्याच जोरात 'कालच निघाली की हो' म्हणत होता. मी तिथंच बाजूला व्हायला हवं होतं. आम्हा ऑपरेटर मुलींना ऐकायचं असतं ते लाईन लागली का एवढंच. लोक काय बोलतात ते कानावरून जाऊ द्यायचं, आणि ते मला चांगलं जमायचं. नवरा-बायकोची भांडणं, मयताचे निरोप, गुळाचे भाव, सगळं मी कानावरून जाऊ दिलेलं आहे. पण ढोल म्हणजे बोलणं नव्हे. तारेतून येताना तो पातळ झाला होता, तरी ठेका मला लगेच कळला. चढतीचा. मानेच्या मागे, अंबाड्याखाली, काहीतरी गार लागलं. पुढचं मला ठाऊक नाही. देवस्थळीबाई माझा खांदा धरून हलवत होत्या, समोरच्या बोर्डावर जिकडेतिकडे दिवे लागले होते आणि जोडायची एक दोरी माझ्या मुठीत तशीच राहिली होती.

"शालिनी! अगं, झोपलीस की काय?"

झोपले नव्हते. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी नंतर म्हणाली, तुझे डोळे टक्क उघडे होते, मी हाका मारतेय तर तू बघतच राहिलीस. देवस्थळीबाई आमच्या सुपरवायझर. बाई मनानं वाईट नाहीत, पण बोर्डावर दिवा लागून राहिला की त्यांच्या जिवाची घालमेल होते. त्यांनी मला शेजारच्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "या वेळी मी काही पाहिलं नाही असं समजते. पुन्हा झालं तर मात्र वर कळवावं लागेल. तुला अजून कायम केलेलं नाही, लक्षात आहे ना?" मग जरा थांबून, "दिवसबिवस तर नाहीत?" मी नाही म्हटलं. खरं कारण सांगायला तोंड नव्हतं. बाई, माझ्या आईच्या अंगात येतं, ढोल वाजला की माझी मान गार पडते आणि आज पहिल्यांदाच मी मध्येच कुठेतरी निघून गेले होते, हे शहाण्यासुरत्या बाईला सांगायचं कसं?

ड्यूटी संपल्यावर चालतच निघाले. घर तसं जवळ. पण त्या दिवशी कळलं की सांगलीत केवढं काय काय वाजत असतं. एरवी दिवसभर कानाला हेडफोन लावून बसलेली मी, बाहेर पडल्यावर कान मिटूनच चालायची. आज ते उघडेच राहिले. शिंप्याच्या दुकानातल्या रेडिओवर कुणी बाई विरहानं व्याकूळ होऊन गात होती आणि शिंपी मजेत काजं करत होता. विरहाचा त्याच्यावर काही परिणाम दिसत नव्हता. पुढे देवळात टाळ घेऊन चार म्हातारे बसले होते. त्यांचा टाळ ऐकून एक सायकलवाला उगीचच हळू झाला, पायडल मारायचं थांबून तसाच घरंगळत गेला. मी मात्र प्रत्येक आवाजाला आधी विचारत होते, तू कोण? तू मला काही करणार आहेस का? कल्हईवाल्याच्या भात्याला विचारलं, मसाला कुटणाऱ्या बाईच्या उखळाला विचारलं. उखळाजवळून जाताना तर मी पदर कानावरून घट्ट ओढून घेतला. ठेका धरून वाजणाऱ्या कुठल्याही गोष्टीची मला भीती वाटायला लागली होती, आणि जगात ठेका धरून वाजत नाही असं फार थोडं आहे.

आमच्या माणदेशातल्या गावात, ज्या बाईच्या अंगात देवीचं वारं येतं तिला झाड म्हणतात. माझी आई झाड. एरवी तिला घरात कुत्रं विचारत नव्हतं. हरणाबाई म्हणजे लोकांच्या मळ्यात खुरपायला जाणारी, वडील बोलले की मान खाली घालणारी, भाकरी करपली तर स्वतःच खाऊन टाकणारी बाई. जात्यावर बसली की गायची, आणि गाता गाता तिच्या डोळ्यांना धार लागायची. 'का रडतीस?' विचारलं तर म्हणायची, 'रडत न्हाई गं, गानंच तसलं हाय.' ते गाणं ऐकत मी तिच्या मांडीवर झोपायची. पण चैत्रातल्या जत्रेला माळावर ढोल सुरू झाला की तीच आई मला दिसेनाशी व्हायची. बिराप्पा ढोलवाला तिच्यासमोर येऊन चढतीचा ठेका धरायचा. आधी तिचे खांदे, मग मान, मग केस सुटायचे, दोन्ही हात वर जायचे आणि तिच्या गळ्यातून जाडाभरडा कुणाचा तरी आवाज यायचा. गावचा पाटील, जो एरवी तिला 'ए हरणे' म्हणायचा, तो टोपी काढून पायावर डोकं ठेवायचा. मी तिच्या बांगड्या ओच्यात घेऊन मागे उभी. मला अभिमान वाटत नव्हता. मला वाटायचं, ही परत आलीच नाही तर?

पण बिराप्पा तिला परत आणायचा. त्याची रीत होती. जितकं चढवायचं तितकं उतरवायचं, आणि झाड उतरल्याशिवाय ढोलवाल्यानं हात थांबवायचा नाही; मग आभाळ कोसळो. उतरतीच्या ठेक्यात दोन टोल्यांमधली जागा हळूहळू वाढत जाते. त्या जागेतून आई परत यायची. आधी हात खाली, मग मान स्थिर, आणि शेवटच्या टोल्याला ती मटकन बसायची नि तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणायची, 'शाले, पानी दे गं.' तो आवाज ऐकला की माझा जीव भांड्यात पडायचा. पुढे शिकले, मॅट्रिक झाले, लग्न होऊन सांगलीला आले, नोकरी लागली. गाव सुटलं म्हणताना सगळ्यात आधी मला काय सुटलं असं वाटलं असेल, तर तो ढोल.

घरी पोचले तर दारात धनाजीच्या वहाणा. धनाजी माझा धाकटा भाऊ, गावाकडे शेती करतो. तो भिंतीला टेकून ताठ बसला होता आणि समोर यांची रेकॉर्ड चालू होती. हे, म्हणजे माझे यजमान कृष्णात, कुपवाडला एका कारखान्यात लेथच्या खात्यावर फोरमन. दिवसभर लोखंड कापल्याची किंचाळी ऐकायची आणि घरी आलं की हातपाय धुऊन रेकॉर्ड लावायची, हा यांचा नेम. कुठल्या वेळेला कुठला राग ऐकला म्हणजे मन कसं होतं, हे यांना तोंडपाठ. रेडिओवर कुणाचं तरी भाषण ऐकून एकदा मला सांगत होते की गाणं लावलं तर गाई जास्त दूध देतात. मी म्हटलं, मग मला कशाला ऐकवता, मी काय गोठ्यात बांधलीय? हसले होते. पण खरं सांगायचं तर मला त्या रेकॉर्डमधला तंबोरा सोसत नाही. सगळ्या जगाला त्यानं शांत वाटतं म्हणे. मला वाटतं, हा नुसता वाजतोय, वाजतोय, चढत नाही की उतरत नाही, आता काय होणार, कधी होणार? माझ्या हाताच्या मुठी वळायला लागतात. यांना वाटतं मी एकाग्र होऊन ऐकतेय.

"आधी ते बंद करा," मी म्हटलं.

यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सुई उचलली. धनाजीनं तेवढ्याची वाटच बघितल्यासारखं तोंड उघडलं. "आक्का, आईचं काय खरं न्हाई. तुला जत्रेला न्याया आलोय."

काय झालं ते मला ठाऊक होतंच. गेल्या वर्षीच्या जत्रेला मी तिथं होते. आई चढली होती, पुरती चढली होती, हात वर, केस मोकळे, भंडाऱ्यानं तोंड पिवळं झालेलं, माळावरची दोनअडीचशे माणसं श्वास धरून उभी. आणि खालच्या रस्त्यानं वरात आली. सरपंचाच्या पुतण्याची. सांगलीहून आणलेला बँड, लाल कोट, सोनेरी झुपके, पुढे क्लॅरिनेटवाला सिनेमातल्या नाचाचं गाणं वाजवतोय. सरपंचांनी लांबूनच हात केला, जरा थांबा. आणि बिराप्पानं आयुष्यात पहिल्यांदा मध्येच हात थांबवला. भीड म्हणून; सरपंचांच्या विहिरीवर त्याची मेंढरं पाणी प्यायची. ढोल थांबला आणि त्या मोकळ्या जागेत क्लॅरिनेट शिरला. आई तशीच उभी. तेच हात, तेच केस, तोच चेहरा. पण आता मागे ते गाणं होतं. आधी कुणीतरी पोरगं खिदळलं, मग बायांनी पदर तोंडाला लावले, मग पाटीलसुद्धा मिशीत हसले. आई त्या गाण्यावर नाचायला उभी आहे असं दिसत होतं. दोन मिनिटांपूर्वी ज्या पायांवर ही माणसं लोटांगण घालत होती, त्याच पायांना आता ती हसत होती, आणि मध्ये बदललं होतं काय, तर फक्त वाजणं. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की क्लॅरिनेटवाल्याच्या तोंडात माती कोंबावी वाटली. वरात गेल्यावर बिराप्पानं पुन्हा ढोल धरला, घाम पुसत उतरती वाजवली, परत परत वाजवली. आई उतरली नाही. तिला हाताला धरून घरी नेलं.

"मिरजेच्या डॉक्टरच्या गोळ्या दिल्या न्हवं?" मी विचारलं.

"दिल्या की. झोपती. झोपंत बी हात वरच." धनाजी जमिनीकडे बघत होता. "गिरणीचं इंजान सुरू झालं की हात वर. कुनी मिरच्या कांडाय लागलं की हात वर. दुखाय लागत्यात, रडती, पर खाली येत न्हाईत. घास भरवावा लागतोय. हाडं ऱ्हायल्यात नुसती. बिराप्पा म्हनतोय, तिला आता सोताला चडाय येत न्हाई, आन चडल्याबगर उतराय येत न्हाई. घरातल्या बाईनं तिच्यासमोर चडायचं, आन उतरताना तिला संगं घिऊन उतरायचं. माझी बायकू पोटुशी. दुसरं कोन हाय आक्का?"

"आईंना इकडे आणा," हे म्हणाले. "मोठ्या डॉक्टरला दाखवू. हे काय, ढोल वाजवून..."

"दाजी, डाक्टरनं काय कमी केलंय का?"

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. भीती कसली होती ते स्वच्छ होतं. आईला मी वाचवायला जाईन आणि ते वारं मला धरेल. मग दर मंगळवारी, पुनवेला, दारात माणसं. मग बोर्डावर दिवे लागून राहणार, देवस्थळीबाई वर कळवणार, सगळं जाणार. आणि नोकरीपेक्षाही, ती मधली गेलेली मिनिटं. त्या वेळात मी कुठे असते? आज तारेतून आलेला पातळसा ढोल मला उचलून घेऊन गेला, तर समोर उभा राहिलेला काय करेल? पण दुसऱ्या बाजूला आईचे हात होते. दुखतात आणि खाली येत नाहीत. मी बाहेर येऊन धनाजीला म्हटलं, "येते." यांच्याकडे बघितलं नाही. हे बराच वेळ रेकॉर्ड पुसत बसले होते.

जत्रेच्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. माळावर धूळ, नारळाची टरफलं, गाड्यांचे बैल. देवळासमोर आईला आणून बसवलं होतं. तिला बघून मी हादरलेच. एवढीशी झाली होती. लांब कुठेतरी दुसऱ्या गजाचे, म्हणजे ढोलवाल्यांच्या दुसऱ्या ताफ्याचे, ढोल वाजत होते आणि त्या ठेक्यावर तिचे वाळलेले हात वर गेले होते, कोपरांशी थरथरत होते. मला ओळखलं, पण बोलली नाही. बिराप्पा माझ्यासमोर आला. म्हातारा झाला होता. म्हणाला, "शालू, चूक माजी हुती. मी मान्साला भ्यालो. आता परान गेला तरी उतरवल्याबगर हात थांबवनार न्हाई. तू भिऊ नगंस."

पाय रोवून उभी राहिले. अंबाडा सोडला. ढोल सुरू झाला.

पहिला टोला पडला. मान गार पडायची मी वाट बघितली. दात घट्ट आवळले, मनातल्या मनात माझं नाव, सांगलीचा पत्ता, काहीबाही घोकत राहिले, म्हणजे ओढलं गेलं तरी धरायला काहीतरी असावं. बिराप्पा जवळ आला, झांजा आल्या, भंडारा उधळला, ढोलाच्या कातड्याचा वास नाकात शिरला. चढती चढत गेली. आणि मला काहीच झालं नाही. ढोल अंगावर आपटत होता आणि खाली पडत होता. धूळ दिसत होती. पाटलांच्या टोपीवरची माशी दिसत होती. पायातला खडा टोचत होता. ज्याच्याशी झुंजायला मी आले होते ते आलंच नव्हतं. क्षणभर हसू येईल की काय वाटलं. सुटले! मग आईकडे नजर गेली. ती माझ्याकडे बघत होती, टक लावून, हात वर धरून, एखाद्या लहान मुलीनं उचलून घे म्हणावं तशी. आजूबाजूला कुजबूज सुरू झाली होती. 'शेहरातली हाय, तिला कुटलं येतंय.' बिराप्पाच्या कपाळावरून घाम गळत होता. त्याचे डोळे माझी विनवणी करत होते. म्हातारा किती वेळ वाजवणार होता?

मी उजवा खांदा हलवला.

मुद्दाम हलवला. मग डावा. मला सगळं पाठ होतं. इतकी वर्षं तिच्या मागे उभी राहून मी दुसरं काय बघितलं होतं? खांदे, मग मान, मग केस पुढे टाकायचे, मग हात. गळा खरवडून आवाज काढला तेव्हा माळावर एकदम शांतता झाली आणि पुढच्या बाया खाली वाकल्या. मला शरम वाटली. तरी मी थांबले नाही. आतून मी थंडगार जागी होते, हात किती उंच न्यायचा, कधी घुमायचं हे ठरवत होते. आणि आई उठली. माझ्यासमोर, स्वतःच्या पायांवर उभी राहिली आणि माझ्याबरोबर हलू लागली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बिराप्पानं ते बघितलं आणि ठेका फिरवला. उतरती. दोन टोल्यांमधली जागा वाढायला लागली. मी हात जरासे खाली आणले, तिनं आणले. आणखी खाली, तिनं आणखी. खालच्या रस्त्यावर मोटारीचा हॉर्न वाजला, कुणीतरी बिराप्पाला काहीतरी ओरडून सांगितलं, पण त्यानं मानसुद्धा वळवली नाही. शेवटच्या टोल्याला आम्ही दोघी मातीत बसलो. आईचे हात तिच्या मांडीवर होते. तिनं ते उलटेपालटे करून बघितले.

"शाले, पानी दे गं."

मी रडले. लोकांना वाटलं वारं उतरलं म्हणून रडतेय. पाया पडायला रांग लागली, कुणी कपाळाला कुंकू लावलं, पाटलांनीही डोकं टेकवलं. मी सगळं करू दिलं. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! आई सुटली होती आणि मीही सुटले होते. माझ्यात काही नव्हतं. तारेतला तो दिवस म्हणजे उष्णता, जागरण, काहीही. परवा ड्यूटीवर जायचं, सरळ बसायचं, दिवे विझवत राहायचं, कायम व्हायचं. आईला चिंचेखाली सावलीला नेलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं, तांब्यातलं पाणी पाजलं. किती दिवसांनी ती शांत पडली होती. तिच्या केसातली माती मी बोटांनी काढत होते. देवळासमोर पुढचा गज उभा राहायला लागला होता, झांजांचा आवाज येत होता.

"तू सोंग केलंस न्हवं?" डोळे मिटूनच तिनं विचारलं. एवढ्या हळू, की मला वाकावं लागलं.

तिच्याशी खोटं बोलणं जमलं नाही. "व्हय," मी म्हटलं. "तुला बरं वाटावं म्हणून. मला काहीच आलं नव्हतं आई."

"ठावं हाय." तिनं माझा हात चाचपून धरला. "माजी सासू अशीच आडकली हुती. तिच्यासाटी पैल्यांदा मी बी आसंच केलं."

"आन मग?"

आईनं डोळे उघडले. माझ्याकडे बघून तिला माझी फार दया आली असावी.

"दुसऱ्या वर्सी सोंग करावं लागलं न्हाई."